उरलेले तुकडे

(शास्त्रपाठ : योहान ६:१–१३)



पांच हजारांस भोजन दिल्याचा वृत्तांत चारही शुभवर्तमानांत आहे, व आपल्या मंडळींतील लहान मुलांसहि तो तोंडपाठ आहे. जवाच्या पांच भाकरी, दोन मासळ्या, गवतावर पंक्ति करून बसलेले लोक, आणि शेवटीं भरलेल्या बारा टोपल्या. या गोष्टीवर उपदेश करितांना आपण बहुधा त्या शिदोरी देणाऱ्या मुलापाशीं थांबतों, किंवा प्रभूच्या सामर्थ्यापाशीं थांबतों. तें योग्यच आहे. परंतु योहानानें येथें एक आज्ञा नमूद करून ठेविली आहे, जी इतर तिघांनीं लिहिलेली नाहीं. लोकांचीं पोटें भरल्यावर प्रभूनें शिष्यांस पुन्हां कामास लाविलें : जें उरलें तें वेंचून आणावयास सांगितलें, आणि कारणहि सांगितलें, कीं त्यांतील कांहीं वायां जाऊं नये.

या आज्ञेचा विचार करूं लागलों म्हणजे प्रथम नवल वाटतें. ज्याच्या हातांत पांच भाकरींच्या हजारों भाकरी होतात, त्यास तुकड्यांची काय वाण? उद्यां भूक लागली असती तर उद्यां पुन्हां आशीर्वाद मागतां आला असता. शिष्यांनीं ते तुकडे तेथेंच टाकून होडीची वाट धरिली असती, तर त्यांस कोण दोष देता? पण ज्याच्यापाशीं कशाचीच कमी नव्हती, त्यानेंच उधळपट्टीस मनाई केली. म्हणजे जपून वापरणें ही गरिबाची लाचारी नव्हे. ती धन्याची रीति आहे. ज्यानें एकादी वस्तु निर्माण केली त्यासच तिची खरी किंमत ठाऊक असते. शेतकऱ्याकडे पाहा. ज्यानें ज्वारी पेरली, पाखरांपासून राखली, खुडली व मळली, तो खळ्यांत सांडलेला दाणाहि वेंचतो. ज्यानें ती बाजारांतून आणली, तो सांडलेली केरांत लोटतो.

आजकाल पृथ्वीच्या रक्षणाविषयीं पुष्कळ बोललें जातें. हवा तापत चालली आहे, पाऊस लहरी झाला आहे, एका आठवड्यांत महिन्याचा पाऊस पडतो व मग महिनाभर आभाळ कोरडें राहतें, हें आपण शेतांत उभे राहून पाहतच आहों. यावर मोठमोठ्या परिषदा भरतात, व त्या भरल्याच पाहिजेत. तथापि आमच्यासारख्या वाडीवस्तीवरील लोकांच्या वांट्याचें काम कोणतें, हें आम्हांस या एका आज्ञेंत पुरेसें स्पष्ट दिसतें. आणि आपल्या भागांत जी वस्तु सर्वांत अधिक वायां जाते व जिच्यावांचून सर्वांत अधिक अडतें, ती पाणी होय. यास्तव या लेखांत बहुतेक पाण्याविषयींच लिहूं.

प्रथम घरांतली गोष्ट. सकाळीं नळास पाणी आलें, अथवा टँकर आला, कीं आपल्यांतील कित्येक घरांत कालचें पाणी 'शिळें' म्हणून अंगणांत ओतून देतात, व भांडें घासून ताजें भरितात. भाकरी शिळी होते, भाजी शिळी होते. झांकलेलें स्वच्छ पाणी एका रात्रींत शिळें होत नाहीं. ज्या धरणांतून तें आलें तेथें तें कित्येक महिने साठून होतें, आणि ज्या विहिरीचें आहे तिच्या पोटांत कदाचित् वर्षानुवर्षें होतें. मग आपल्या रांजणांत एक रात्र काढल्यानें तें बिघडावें कसें? बिघडतें तें उघडें ठेविल्यानें व त्यांत हात बुडविल्यानें. झांकण ठेवावें व लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें, म्हणजे झालें. रोज दोन हंडे ओतले, आणि हंडा १५ लिटरांचा धरिला, तर वर्षास जवळजवळ ११,००० लिटर होतात. हा एक टँकर झाला. ज्या टँकरासाठीं आपण उन्हांत रांग धरितों व एकमेकांच्या घागरी मागें सारितों, तसला एक टँकर एकेका घरानें वर्षभरांत दारांत ओतला.

आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, घासून, कोरडीं करावीं, असें आरोग्यखात्याचे लोक सांगतात. तें खरें आहे व पाळावें, कारण साठविलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डांस अंडीं घालितात. पण त्या दिवशींचें पाणी गटारांत कां जावें? तें दारच्या शेवग्यास जावें. त्याचप्रमाणें मोरीचें पाणी. भांडीं घासलेलें, धुणें धुतलेलें पाणी रस्त्यावर सोडलें कीं चिखल, डास व शेजाऱ्याशीं भांडण. तेंच अळूस, कर्दळीस, केळीस सोडलें कीं भाजीचें पान व सावली. जागा नसेल तेथें दगडगोटे भरून शोषखड्डा करावा. याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. घरोघरच्या बायका हें आमच्यापेक्षां चांगलें जाणतात.

पण एक गोष्ट पुरुषांस सांगितली पाहिजे. ते तुकडे कोणीं गोळा केले? त्या माळावर बायकाहि होत्या, असें मत्तय सांगतो. तरी टोपली प्रभूनें त्यांच्या हातीं दिली नाहीं. आपल्या बारा शिष्यांच्या हातीं दिली. थोड्या वेळापूर्वीं जे वाढप करीत होते, ज्यांचा लोकांत मान होता, त्यांनींच वांकून खरकटें वेंचलें. आपल्या घरीं जपून वापरण्याचा सर्व उपदेश सुनेला, व पाणी आणण्याची सर्व मेहनतहि तिलाच. जी बाई अर्ध्या कोसावरून डोक्यावर हंडा आणते तिला पाण्याची किंमत शिकविणें हास्यास्पद आहे. ज्याच्या बोटाखालीं मोटरीचें बटण आहे, त्यानें हा शास्त्रपाठ वाचावा.

आतां त्या बटणाविषयीं लिहितों.

आपल्या दख्खनच्या भूमीखालीं काळा पाषाण आहे. तो पाणी फार धरीत नाहीं. वरच्या मुरुमांत व झिजलेल्या खडकांत थोडें पाणी सांठतें, आणि त्याखालीं जें असतें तें भेगांभेगांतून असतें. जुन्या विहिरी वरच्या पाण्यावर जगत. एका पावसाळ्यांत भरत व पुढील उन्हाळ्यांत उतरत. बोअर सहाशें-सातशें फूट खोल जाऊन भेगांतलें पाणी ओढतो, आणि खोल भेगांत पाणी परत भरावयास फार काळ लागतो. शिवाय भेग ही सातबाऱ्याचा उतारा पाहून चालत नाहीं. तुमच्या बांधाखालून ती शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाते. म्हणून खालचें पाणी 'माझें' म्हणणें म्हणजे वाऱ्यास कुंपण घालण्यासारखें आहे. आज जगांत जितकें भूजल उपसलें जातें त्याचा सुमारें चौथा भाग एकट्या भारतांत उपसला जातो. दुसरा कोणताहि देश इतकें उपसत नाहीं.

यांत मिशनचाहि एक इतिहास आहे, व तो आपल्या तरुणांस माहीत असावा. दुष्काळांत पिण्याच्या पाण्यासाठीं कातळांत भोंकें पाडण्याचें काम मिशनच्या लोकांनीं आपल्या भागांत केलें. त्या कामांतून जालना व सोलापूर येथें निघालेल्या हातपंपांवरून १९७० च्या दशकांत 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप तयार झाला, आणि तो पुढें आफ्रिकेच्या खेड्यांपर्यंत गेला. त्या हातपंपास एक मोठा गुण होता, ज्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं : हात थकला कीं पाणी थांबे. विजेची मोटर थकत नाहीं. ती रात्रीं मालक झोंपला असतांहि ओढीत राहते, पाटांतून पाणी वाहून ओढ्यास मिळतें, व सकाळीं मालक म्हणतो कीं भरणें चांगलें झालें.

आणि याहूनहि जुना इतिहास आपल्या स्मरणांत असला पाहिजे. आपल्यांतील पुष्कळांचे वाडवडील ज्या वस्त्यांतून प्रभूकडे आले, तेथें गांवच्या विहिरीवर त्यांस पाय ठेवूं देत नसत. कोणी दया येऊन वरून ओतील, तर खालीं ओंजळ धरून प्यावयाचें. नाहीं तर ओढ्याच्या वाळूंत झरा उकरावयाचा. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं झाला, तरी तो कागदावरच राहिला; म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांस हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावें लागलें, आणि त्या तळ्याचा निकाल हायकोर्टांतून लागावयास १९३७ साल उजाडलें. ओंजळभर पाण्यासाठीं इतकें! जुन्या मिशनच्या वस्त्यांत मंदिराइतकीच विहीर पवित्र मानीत, याचें कारण हेंच. तिचें पाणी कोणी वरून ओतून देत नसे. तें आपण स्वतः शेंदून काढीत असूं.

आमच्या फेरींतील एका गांवीं अशी एक विहीर आहे. आपल्या वस्तीच्या लोकांनीं ती आपल्या हातांनीं खणली. कांठाच्या दगडावर क्रूस कोरलेला आहे, साल पुसट झालें आहे. १९७२ च्या दुष्काळांतहि तिच्या तळाशीं घागर बुडत असे, असें म्हातारीं माणसें सांगतात. तीन वर्षांपूर्वीं मंडळींतीलच एका बंधूनें तिच्यापासून शंभर पावलांवर बोअर घेतला. सातशें फुटांवर पाणी लागलें, व त्यानें दोन एकर ऊंस लाविला. पुढच्या माघांत विहिरीचा तळ दिसूं लागला. आतां त्या आळींतील एक विधवा भगिनी आपल्या मजुरीच्या पैशांतून जारचें पाणी विकत घेते.

हा बंधु दुष्ट नाहीं. तो दशांश देतो. मंदिरांतील पंखे त्यानेंच दिले. आम्ही त्याजकडे गेलों तेव्हां तो म्हणाला, "पाळकसाहेब, जमीन माझी, मोटर माझी, कर्ज माझ्या डोक्यावर. खालचें पाणी देवाचें. देवानें दिलें, मीं घेतलें."

आम्ही म्हणालों, "देवाचें आहे म्हणतोस, तर तें तुझ्या एकट्याच्याच पाइपांतून कां यावें?"

तो कांहीं बोलला नाहीं, चहा मागविला. मग आम्ही त्यास यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय काढून दिला. तेथें परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांस दटावून विचारतो कीं, तुम्ही निवळ पाणी प्यालां एवढ्यानें तुमची तृप्ति झाली नाहीं काय, म्हणून उरलेलें आपल्या पायांनीं गढूळ करितां, व तेंच माझ्या कळपानें प्यावें? हा प्रश्न लांडग्यांस केलेला नाहीं, हें लक्षांत ठेवावें. मेंढरांस केलेला आहे, एकाच कळपांतल्या. आपल्या पूर्वजांस पाणी नाकारणारे परके होते, असें आपण म्हणूं शकत होतों. आतां एकाच मंदिरांत, एकाच सतरंजीवर बसणारा, एकाच पेल्यांतून प्रभुभोजन घेणारा, मोटरीच्या बळावर तेंच करितो, तर त्यास काय नांव द्यावें? कायद्यानेंहि या गोष्टीकडे पाहिलें आहे : महाराष्ट्रांत १९९३ सालच्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. पण आम्ही त्या बंधूस कायदा दाखविला नाहीं. शास्त्र पुरें होतें.

यंदाच्या उन्हाळ्यापासून तो रोज पहांटे एक तास आपला पाइप त्या जुन्या विहिरींत सोडतो, व आळीचे लोक तेथून भरितात. ऊंस मात्र त्यानें सोडला नाहीं. कारखान्याकडे नोंद आहे, सोसायटीचें कर्ज आहे, असें तो म्हणतो, आणि तें खोटें नाहीं. नुसत्या उपदेशानें कर्ज फिटत नाहीं. ठिबक बसवावयास व पीक बदलावयास दोन हंगामांचा आधार लागतो, आणि अशा वेळीं आपल्या माणसाजवळ बसून हिशेब मांडणें हें मंडळीच्या पंचांचें काम आहे.

असा हिशेब गांवानें मिळून मांडतां येतो, हें दाखविणारें गांव आपल्याच जिल्ह्यांत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील (२०२४ पर्यंत याचें नांव अहमदनगर होतें) हिवरे बाजार येथें पाऊस वर्षास ४०० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. १९७२ नंतरच्या वर्षांत तेथील लोक पोटासाठीं बाहेर जात होते. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गांवानें श्रमदानानें डोंगरावर चर खणले, झाडें तोडण्यास व मोकाट चराईस बंदी केली. आणि पुढें जें सर्वांत कठीण तें केलें, म्हणजे शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी केली. तेथें पाऊस मोजतात, किती पाणी मुरलें याचा अंदाज करितात, माणसांस व गुरांस पिण्यापुरतें प्रथम बाजूस ठेवितात, आणि उरलेल्या पाण्यांत कोणतें पीक बसतें तें ग्रामसभेंत ठरवितात. पाऊस कमी झाला तर अधिक पाणी पिणारें पीक त्या वर्षीं नाहीं. श्री. पवार यांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली. हें गांव ख्रिस्ती नाहीं. पण तुकडे गोळा करण्याची आज्ञा तेथें आपल्यापेक्षां चांगली पाळिली जाते, हें आपल्या मंडळ्यांनीं कबूल करावें. उपदेशक बंधूंनीं एकदां तेथें जाऊन स्वतः पाहून यावें.

येथें कोणी म्हणेल, आम्हीहि सांठवितोंच कीं. मोठें शेततळें खणलें आहे, प्लास्टिकचा कागद अंथरला आहे. शेततळें ही चांगली वस्तु आहे, जर त्यांत पावसाचें वाहून जाणारें पाणी अडविलें तर. पण कित्येक ठिकाणीं तें बोअरच्या पाण्यानें भरितात. भूमीच्या पोटांत जें उन्हापासून सुरक्षित होतें व सर्वांचें होतें, तें उघड्या उन्हांत आणून एकाचें केलें, आणि त्यांतील बराच भाग वाफ होऊन गेला. याला गोळा करणें म्हणत नाहींत. अरण्यांत इस्राएल लोकांनीं मान्ना उद्यांसाठीं दडवून ठेविला तेव्हां त्यांत किडे पडले (निर्गम १६). गालीलांतील तुकडे टोपल्यांत भरले तेव्हां त्यांत किडे पडल्याचें लिहिलेलें नाहीं. दोन्हीकडे अन्न देवानेंच दिलेलें होतें. फरक इतकाच कीं, पहिलें शेजाऱ्यावर व देवावर भरंवसा नाहीं म्हणून दडविलें, व दुसरें सर्व लोक जेवून तृप्त झाल्यावर उचललें. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो : प्रथम सर्व जेवले.

पाण्याशिवाय इतर गोष्टींविषयीं थोडें.

ऊंस तुटल्यावर पाचट पेटवून देण्याची चाल आपल्याकडे आहे. रात्रीं दुरून तें दिवाळीसारखें दिसतें, पण जळतें तें शेताचें खत. तेंच पाचट सऱ्यांत पसरलें तर ओल टिकते, तण दबतें, व कुजून त्याची माती होते. झाडाविषयीं तर शास्त्रांत स्पष्ट नियम आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायांत शत्रूच्या नगरास वेढा घातला असतांहि फळझाडावर कुऱ्हाड चालविण्यास मनाई आहे. शत्रूचें झाड तोडावयाचें नाहीं, आणि आपण स्वतःच्या बांधावरचा लिंब व बाभूळ, दोन फूट जमीन वाढावी म्हणून, मुळासकट काढितों.

आणि मंदिराच्या अंगणाविषयीं. नाताळचें जेवण, हंगामाचा सण, वार्षिक सभा, यांच्या दुसऱ्या दिवशीं मंदिरामागें जाऊन पाहावें. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले व अर्धवट टाकलेला भात यांचा ढीग, आणि त्यास काडी लाविलेली. त्या धुरांत विष असतें, व तो धूर प्रथम शेजारच्या घरांतील लहान लेंकरांच्या छातींत जातो. थर्माकोलच्या ताटल्यांस महाराष्ट्रांत २०१८ पासून बंदी आहे. तरी त्या मिळतात, व आपण घेतों. ज्या प्रभूच्या नांवानें पंक्ति बसली, त्यानें आपल्या पंक्तीनंतर माळ कसा सोडला तें आठवावें. पूर्वीं आपल्या सभांस माणसें घरून ताट व तांब्या घेऊन येत, किंवा पळसाच्या पत्रावळी असत, ज्या गुरें खात अथवा खतांत जात. यंदाच्या सणाच्या आधींच्या रविवारीं उपदेशकांनीं एवढीच जाहिरात द्यावी कीं, प्रत्येकानें ताट घरून आणावें व स्वतः धुऊन न्यावें. आणि वाढणाऱ्यांनीं पहिल्यानें थोडें वाढावें. लाजेनें कोणी उपाशी राहणार नाहीं. आपल्या लोकांस आग्रह करावयास शिकवावें लागत नाहीं.

फेरींत दोन आक्षेप आमच्या कानांवर वारंवार येतात.

एक असा कीं, प्रभूचें येणें जवळ आहे, पृथ्वी व तिजवरील कामें अग्नीनें जाणार असें पेत्र लिहितो. मग तिची इतकी निगा कशाला? बंधूंनो, लग्नासाठीं पंचायतीचीं भांडीं आणिलीं, तर उद्यां परत द्यावयाचीं आहेत म्हणून कोणी तीं ठोकून फोडतो काय? उलट परत द्यावयाचीं म्हणूनच घांसून, मोजून देतो. धन्याचें येणें जवळ आहे असें ज्यास खरोखर वाटतें, त्याचें अंगण झाडलेलें असतें. आदामास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, आणि ती नेमणूक रद्द झाल्याचें आम्हांस शास्त्रांत कोठें आढळलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लोक म्हणतात, शहरांतील कारखाने, मोठे बंगले, विमानें हीं जितका नाश करितात त्यापुढें आमचा एक हंडा काय? आणि गरिबानें कमी वापरावें असें सांगणारे बहुधा पुष्कळ वापरणारे असतात. हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मार्काच्या सहाव्या अध्यायांत या भोजनाच्या आधीं कोणतें भोजन आलें आहे, तें पाहा. हेरोदाच्या वाढदिवसाची मेजवानी! तेथें काय काय उधळलें गेलें असेल, आणि शेवटीं तबकांत काय आलें, तें आपण जाणतों. प्रभूनें शिष्यांस हेरोदाच्या वाड्यांतील खरकटें मोजावयास पाठविलें नाहीं. हेरोदास त्यानें कोल्हाहि म्हटलें, आणि जेथें अन्यायाविरुद्ध बोलावयाचें तेथें आपणहि ग्रामसभेंत व तहसील कचेरींत बोललें पाहिजे. नदींत मळी सोडणाऱ्याविरुद्ध अर्जावर सही करावयास ख्रिस्ती मनुष्यानें भिऊं नये. परंतु ज्या माळावर आपण जेवलों, तेथले तुकडे आपणच उचलावयाचे आहेत. आणि ज्यानें आपल्या आळीचा हिशेब सरळ ठेविला आहे, त्याच्या अर्जास वजन येतें.

आतां उपदेशक बंधूंकरितां एक काम सांगून हें पुरें करितों, कारण उन्हाळा सरत आला आहे. आपल्या बहुतेक मंदिरांचीं छपरें पत्र्याचीं अथवा कौलांचीं आहेत. मंदिर ४० फूट लांब व २५ फूट रुंद असेल, तर छपराखालची जागा १,००० चौरस फूट, म्हणजे सुमारें ९३ चौरस मीटर होते. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरिला, तर त्या छपरावर ४६,००० लिटरांहून अधिक पाणी पडतें. पांचवा भाग उडून-सांडून गेला असें मानिलें तरी ३७,००० लिटर हातीं राहतें. आज तें भिंतीच्या पायांत मुरून भिंत ओली करितें.

वळचणीखालीं पत्र्याची पन्हळ बसवावी व एका बाजूस थोडा उतार द्यावा. नळीच्या तोंडाशीं जाळी असावी. पहिल्या एक-दोन पावसांचें पाणी टाकींत घेऊं नये. त्यांत वर्षभराची धूळ, पाखरांची घाण व वाळलेलीं पानें असतात, तें झाडांस सोडावें. मग नळी टाकीकडे वळवावी. टाकीचें झांकण घट्ट असावें, म्हणजे ऊन व डांस आंत जाणार नाहींत. हें पाणी धुण्यास व भांड्यांस तसेंच वापरावें, पिण्यास घ्यावयाचें तर उकळून घ्यावें. टाकी भरून वाहूं लागली कीं जादा पाणी दगडगोटे व वाळू भरलेल्या खड्ड्यांतून गाळून जवळच्या जुन्या विहिरींत सोडावें. मात्र त्या विहिरींत कोणी केरकचरा टाकीत नाहीं ना, हें आधीं पाहावें. मृगापूर्वीं हें काम आटोपलें पाहिजे. शिडी धरावयास व पत्रा चढवावयास तरुणसंघांतील चार मुलें पुरे आहेत.